आतल्या दाराची राखण

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे विद्यापीठाचे एक गाव आहे. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या ऑनलाइन विभागात २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोन तरुण प्रोग्रामर काम करीत होते. वृत्तपत्राच्या कचेरीत कामाची मुदत तासांत मोजली जाते. बातम्या, सामन्यांचे निकाल, कार्यक्रमांची वेळापत्रके संकेतस्थळावर चढविणारी माणसे पत्रकार होती. संगणकशास्त्राशी त्यांना कर्तव्य नव्हते. प्रत्येक नव्या विषयासाठी नवे फॉर्म बनवीत बसण्यापेक्षा माहितीचा आराखडा एकदाच सांगावा आणि नोंदी करण्याचे, बदलण्याचे व पुसण्याचे पडदे त्यावरून आपोआप तयार व्हावेत, ही सोय या निकडीतून जन्माला आली. हीच सोय पुढे ‘जँगो’ या वेब फ्रेमवर्कची ‘अ‍ॅडमिन’ म्हणून प्रसिद्धीस आली. जँगो रेनहार्ट या गिटारवादकाचे नाव धारण करणारी ही आज्ञावली जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. जुलै २०२५ मध्ये त्या घटनेला वीस वर्षे पूर्ण झाली.

वीस वर्षांत जँगोवर काय काय उभे राहिले, याची यादी करण्याचे कारण नाही. ‘इन्स्टाग्राम’ची सुरुवात त्यावर झाली, एवढे सांगितले तरी पुरे. मात्र वाचकाला वा ग्राहकाला दिसणाऱ्या पानांमागे जो न दिसणारा पडदा असतो, ज्यावरून कचेरीतील माणसे किमती, तारखा, नावे आणि हक्क बदलतात, तो पडदा अनेक ठिकाणी आजही लॉरेन्समधल्या त्या कल्पनेवरच चालतो. या पडद्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे. येथे बसणारा माणूस आपला आहे, तो जाणता आहे आणि घाईत आहे; त्याला अडवू नये. जँगोच्या अधिकृत दस्तावेजातही अ‍ॅडमिन हे संस्थेच्या अंतर्गत व्यवस्थापनाचे साधन आहे, संपूर्ण संकेतस्थळाचा दर्शनी भाग त्यावर उभारू नये, असे बजावलेले आहे.

गृहीतक चुकीचे नव्हते, अपुरे होते. आपला माणूस प्रामाणिक असतो म्हणून तो अचूक असतो असे नाही. त्याचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती गेला, तर पडद्यासमोर बसलेला माणूस ‘आपला’ राहत नाही आणि पडद्याला ते कळत नाही. शिवाय सर्वच ‘आपल्या’ माणसांचे अधिकार सारखे नसतात. बातमी टाकणाऱ्या नवोदित वार्ताहराला संपादकाच्या खात्याची माहिती दिसता कामा नये. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक अक्षराकडे संशयाने पाहायला प्रोग्रामर मंडळी लवकर शिकली. आतून येणाऱ्या अक्षरांची तपासणी मात्र टप्प्याटप्प्याने, बहुतेकदा ठेच लागल्यावर सुधारत गेली.

अशी तपासणी नसली तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण जँगोच्या बाहेरचे आहे. ८ डिसेंबर २००५ रोजी टोकियोच्या शेअर बाजारात ‘जे-कॉम’ या कंपनीच्या समभागांची विक्री प्रथमच सुरू झाली. ‘मिझुहो सिक्युरिटीज’ या दलाली संस्थेतील कर्मचाऱ्याला ६,१०,००० येन दराने एक समभाग विकायचा होता. त्याने १ येन दराने ६,१०,००० समभाग विक्रीला काढले. पडद्यावर इशारा उमटला होता. तो बाजूला सारून आदेश पुढे गेला. चूक उमगल्यावर आदेश रद्द करण्याचे प्रयत्न झाले, तर बाजाराच्या यंत्रणेतील दोषामुळे तेही फसले. नुकसान सुमारे ४,००० कोटी येनांचे झाले आणि त्याच महिन्यात शेअर बाजाराच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले.

या प्रकरणाचा बारकावा असा, की दोन्ही रकान्यांतील आकडे आपापल्या जागी चोख होते. समभागांच्या संख्येच्या रकान्यात ६,१०,००० ही संख्या बसते. किमतीच्या रकान्यात १ हा आकडा बसतो. ‘येथे अंकच हवा’, ‘शून्याहून मोठा हवा’ असल्या रकान्यापुरत्या नियमांनी ही चूक पकडली जाणे अशक्य होते. कंपनीचे एकूण समभाग होते सुमारे साडेचौदा हजार. विक्रीला निघालेली संख्या त्याच्या चाळीस पटींहून अधिक होती. ही विसंगती दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावरच दिसते. जँगोच्या भाषेत बोलायचे तर एक तपासणी रकान्याची असते आणि दुसरी संपूर्ण नोंदीची. पहिली बहुतेक जण लिहितात, कारण ती फुकट मिळते. दुसरी लिहिण्यासाठी त्या व्यवसायाची माहिती असावी लागते आणि ती प्रोग्रामरजवळ नसते, कारकुनाजवळ असते. अर्जाची अंतिम तारीख परीक्षेच्या तारखेनंतरची असू नये, हे कोणत्याही फ्रेमवर्कला आपणहून ठाऊक नसते.

नियम लिहायचा कोठे, हा प्रश्न त्याहून जटिल आहे आणि जँगोच्या वाटचालीचा मोठा भाग याच प्रश्नाच्या उत्तरात गेला. अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांत हे काम ‘मॅनिप्युलेटर’ नावाचे, पुढे टाकून दिलेले यंत्र करीत असे. २००८ च्या सप्टेंबरात आवृत्ती १.० आली, तेव्हा नव्या फॉर्म-व्यवस्थेवर अ‍ॅडमिनची पुनर्रचना झालेली होती. नियम आता फॉर्मात राहू लागले. हे चांगलेच होते, पण फॉर्म म्हणजे कचेरीचे एक दार. तीच माहिती दुसऱ्या फॉर्मातून, मोबाइल अ‍ॅपमधून किंवा रात्री चालणाऱ्या आयात-आज्ञावलीतून आली, की नियम दारातच उभा राहतो आणि माहिती खिडकीतून आत येते. मे २०१० मधील १.२ या आवृत्तीने म्हणून नियम माहितीच्या आराखड्यात, म्हणजे ‘मॉडेल’मध्ये, लिहिण्याची सोय केली. अ‍ॅडमिनचा फॉर्म हे नियम स्वतःहून तपासतो.

पण नोंद जतन करणारी मूळ आज्ञा ते तपासत नाही. प्रोग्रामरने थेट जतन करण्याची आज्ञा दिली तर मॉडेलमध्ये लिहिलेले नियम मुकाट्याने बाजूला राहतात. दस्तावेजात हे स्वच्छ लिहिलेले आहे आणि तरीही नवशिक्यांची येथे हमखास फसगत होते. एकाच वेळी हजारो नोंदी बदलणारी आज्ञा तर जतन करण्याच्या आज्ञेलाही वळसा घालून सरळ डेटाबेसशी बोलते. मौज अशी, की अ‍ॅडमिनच्या यादीत चौकटींवर खुणा करून ‘निवडलेले लेख प्रकाशित करा’ अशी सामूहिक कृती कशी लिहावी, हे शिकवणारे दस्तावेजातील उदाहरणही याच वळणाच्या आज्ञेचा उपयोग करते. एक लेख उघडून ‘प्रकाशित’ केला तर सर्व नियम लागू होतात. यादीतून चाळीस लेख एकदम ‘प्रकाशित’ केले तर एकही नियम लागू होत नाही. त्या चाळिसांतील एखाद्या लेखाला शीर्षक नसेल, तर ते वाचकाच्याच लक्षात यायचे.

हा निर्णय निव्वळ हलगर्जीपणाचा म्हणता येणार नाही. प्रत्येक जतनाच्या वेळी सर्व तपासण्या लावल्या, तर लाखो नोंदींची आयात रेंगाळते आणि अर्धवट माहिती तात्पुरती ठेवण्याची वाट बंद होते. मोकळीक हवी असणारे आणि सक्ती हवी असणारे असे दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. शेवटी उत्तर सापडले ते दोघांच्याही खाली, डेटाबेसमध्ये. एप्रिल २०१९ च्या २.२ आवृत्तीत ‘किंमत ऋण असू नये’ किंवा ‘समाप्ती आरंभानंतरच हवी’ असे निर्बंध आराखड्यातच लिहून थेट डेटाबेसवर बसविण्याची सोय आली. कोणत्याही वाटेने आले तरी हा निर्बंध चुकविता येत नाही. अडचण एवढीच होती, की तो मोडला की अ‍ॅडमिनमधील बिचाऱ्या कर्मचाऱ्यासमोर समजावणीचा संदेश येण्याऐवजी सर्व्हर कोसळल्याचे पान येई. काय चुकले हे त्याला कळत नसे आणि भरलेला फॉर्म हातचा जाई. ऑगस्ट २०२२ मधील ४.१ आवृत्तीपासून हे निर्बंध फॉर्मच्या तपासणीतच पाहिले जाऊ लागले आणि प्रोग्रामरला त्यासाठी स्वतःच्या शब्दांत संदेश लिहिता येऊ लागला. फॉर्म, मॉडेल आणि डेटाबेस या तिघांनी एकच नियम बोलावा, या साध्या वाटणाऱ्या गोष्टीला असा चौदा वर्षांचा काळ लागला.

आतापर्यंतची चर्चा रकान्यांत लिहिल्या जाणाऱ्या मजकुराची झाली. पण पडद्याला दिले जाणारे ‘आदान’ रकान्यांपुरते नसते. डिसेंबर २०१० मध्ये जँगोच्या चमूने एक सुरक्षा-दुरुस्ती जाहीर केली. अ‍ॅडमिनमधील यादी गाळून पाहण्यासाठी ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीत अटी लिहिल्या जातात. उदाहरणार्थ, ‘अमक्या लेखकाचे लेख दाखवा’. या अटी मान्य करताना कोणत्या गोष्टीविषयी विचारले जात आहे, हे तपासलेच जात नव्हते. त्यामुळे केवळ लेखांची यादी पाहण्याचा अधिकार असलेला माणूस पत्त्यात हाताने बदल करून ‘ज्या लेखकाच्या पासवर्डची सांकेतिक नोंद अमुक अक्षराने सुरू होते, त्याचे लेख दाखवा’ असे विचारू शकत असे. यादी रिकामी आली तर अक्षर चूक, लेख आले तर बरोबर. असे एकेक अक्षर चाचपत संपूर्ण सांकेतिक नोंद बाहेर काढता येत होती. पडद्याने पासवर्ड कोठेही दाखविला नव्हता. त्याने फक्त ‘होय’ आणि ‘नाही’ अशी उत्तरे दिली होती. दुरुस्तीनंतर, प्रोग्रामरने आधीच संमती दिलेल्या संबंधांबाहेरचे प्रश्न नाकारले जाऊ लागले. ऑगस्ट २०१४ मध्ये याच जातीचा दुसरा दोष बुजवावा लागला. संबंधित नोंद निवडण्यासाठी उघडणाऱ्या छोट्या खिडकीला पत्त्यातून ‘कोणता रकाना दाखवायचा’ हे सांगता येत असे आणि तेथेही न दाखवायचा रकाना मागता येत होता. उत्तरे झाकली तरी प्रश्नांची तपासणी राहून जाते, हे चार वर्षांत दोनदा शिकावे लागले.

कधी कधी राखणदारच चोराची वाट बनतो. ई-मेल पत्ता आणि संकेतस्थळाचा पत्ता तपासणारे अक्षरसाचे असे रचले गेले होते, की मुद्दाम वेडावाकडा मजकूर दिल्यास तो तपासण्यातच सर्व्हर गुंतून पडे. ही दुरुस्ती ऑक्टोबर २००९ मध्ये झाली. जुलै २०२३ मध्ये तसाच दोष पुन्हा आढळला आणि तपासण्यापूर्वी मजकुराची लांबी मोजण्याचा साधा उपाय योजावा लागला. जुलै २०१५ मधील दोष तर एका चिन्हाचा होता. ‘ओळीचा शेवट’ आणि ‘मजकुराचा शेवट’ यांची चिन्हे वेगळी असतात. पहिले वापरल्यामुळे पत्त्याच्या शेवटी लपविलेली नवी ओळ तपासणीतून निसटत होती. ब्राउझरच्या तपासणीवर विसंबण्याचा मोह मात्र अ‍ॅडमिनने टाळला. ब्राउझरने स्वतःची तपासणी करू नये अशी सूचना त्याच्या फॉर्मात असते आणि निवाडा सर्व्हरवरच होतो. ब्राउझर वापरणाऱ्याच्या ताब्यात असतो, हे लक्षात घेता ते योग्यच आहे.

मराठी वाचकाला या सगळ्याशी थेट जोडणारा एक दोष वेगळाच आहे. त्याने कोणाचे पैसे बुडाले नाहीत आणि तो सुरक्षेच्या जाहीर सूचनांतही येत नाही. २०१६ च्या १.१० आवृत्तीपासून जँगोत वापरकर्त्याचे नाव इंग्रजीखेरीज अन्य लिप्यांत देण्याची मुभा मिळाली. नियम सांगतो, की नावात फक्त अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे असावीत. त्याप्रमाणे अ‍ॅडमिनमध्ये ‘कमल’ किंवा ‘गगन’ या नावाने खाते उघडता येते. ‘राम’, ‘सुनीता’ किंवा ‘विठ्ठल’ या नावाने उघडायला गेल्यास नाव अवैध असल्याचा संदेश येतो; वर ‘केवळ अक्षरे वापरावीत’ अशी समजही दिली जाते. कारण शोधू गेल्यास ते पायथॉन या भाषेत सापडते. ‘अक्षर’ म्हणजे काय, हे ठरविताना पायथॉनची साचे जुळविणारी यंत्रणा काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांना अक्षरांत धरीत नाही. युनिकोडमध्ये ही सारी ‘जोडचिन्हे’ म्हणून नोंदलेली आहेत. देवनागरीत स्वरचिन्ह हा अक्षराचाच भाग असतो, ही गोष्ट रोमन लिपीत वाढलेल्या साच्याच्या ध्यानी आली नाही.

संकेतस्थळावरील लेखाचा पत्ता शीर्षकावरून बनविण्याची जँगोत सोय आहे, तिथे हाच साचा काम करतो आणि तेथे तो नाकारत नाही, गुपचूप कापतो. इंग्रजीपुरतीच मूळ सोय वापरल्यास देवनागरी शीर्षकातील काहीच उरत नाही. अन्य लिप्यांची मुभा २०१५ च्या १.९ आवृत्तीत आली. ती घेतल्यास ‘सातारा’चे ‘सतर’ होते, ‘नाशिक’चे ‘नशक’ होते आणि ‘पुणे’चे ‘पण’. गंमत येथेच संपत नाही. ‘पाणी’चेही ‘पण’च होते. पुण्याच्या आणि पाण्याच्या बातमीला एकच पत्ता मिळू पाहतो आणि ‘हा पत्ता आधीच वापरात आहे’ अशी तक्रार अ‍ॅडमिन करतो. (पुण्यातील पाणीकपातीवर लिहिणाऱ्या वार्ताहराला हा योग अगदीच अनोळखी वाटणार नाही.) पायथॉनच्या चुकांच्या नोंदवहीत हा प्रश्न २०११ मध्येच मांडला गेला होता. याउलट देवनागरीत लिहिलेली १२३ ही संख्या पायथॉन बिनतक्रार ओळखतो. अंक कळतात, मात्रा कळत नाहीत, अशी ही अर्धी साक्षरता आहे.

नाकारू नये ते नाकारणे ही एक बाजू झाली. स्वीकारू नये ते स्वीकारणे ही दुसरी. ‘कऱ्हाड’ हे गावाचे नाव संगणकावर दोन प्रकारे टंकता येते. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडणीचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. डेटाबेसला ती दोन वेगळी गावे वाटतात आणि ‘एकच नाव दोनदा नको’ हा निर्बंध दोघांनाही आत घेतो. वापरकर्त्याच्या नावांसाठी जँगो युनिकोडचे जे प्रमाणीकरण वापरतो, त्यानेही हे दोन प्रकार एक होत नाहीत. शोध घेणाऱ्याला मग निम्म्याच नोंदी सापडतात आणि उरलेल्या नाहीतच, असा समज होतो. रेशनकार्ड, सातबारा, शाळेचा दाखला यांवरील नावांच्या शुद्धलेखनापायी हेलपाटे घातलेल्या माणसाला याचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तपासणी कितीही कडक केली तरी काही चुका अशा असतात, की त्या नियमात बसणाऱ्या असतात. तेथे उरतो तो इशारा. त्याचा धडा ऑगस्ट २०२० मध्ये सिटी बँकेला मिळाला. ‘रेव्हलॉन’ या प्रसाधन कंपनीच्या कर्जावरील व्याजाची छोटी रक्कम पाठवायची असताना सुमारे ९० कोटी डॉलर धनकोंच्या खात्यांत गेले. वापरात होती ‘फ्लेक्सक्यूब’ ही आज्ञावली, जिची मुळे मुंबईतील आय-फ्लेक्स या कंपनीत आहेत. मुद्दल बँकेतच राहावे यासाठी तीन चौकटी भरायच्या होत्या. भरली गेली एकच. तिघांनी हा व्यवहार पाहिला होता. इशारा आला, पण त्याने ‘पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचे?’ एवढेच विचारले. किती पैसे, हे त्यात नव्हते. व्याज तर बाहेर जायचेच होते, त्यामुळे होकार देणाऱ्याला खटकण्यासारखे काही नव्हते. सुमारे ५० कोटी डॉलर परत मिळविण्यासाठी बँकेला न्यायालयात जावे लागले; फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला.

या बाबतीत जँगोच्या अ‍ॅडमिनमधील एक जुना पडदा अनुकरणीय आहे. एखादी नोंद पुसायला सांगितली, की तिच्याबरोबर आणखी कोणकोणत्या नोंदी जाणार आहेत, त्यांची यादी तो समोर ठेवतो. लेखक पुसला तर त्याचे लेख, लेखांबरोबर प्रतिक्रिया, असे सारे नावानिशी दिसते. दर वेळी तोच मजकूर दाखविणारा इशारा दहाव्या वेळी वाचला जात नाही. प्रसंगानुसार बदलणारा वाचला जाण्याची शक्यता तरी असते. आकड्यांतील बदलांसाठी मात्र अशी पुष्टी अ‍ॅडमिन मागत नाही. ५०० चे ५०,००० झाले, तरी नियमात बसत असेल तर ते निमूट जतन होते. ‘मूळ किंमत इतकी, नवी इतकी’ असे एकदा दाखविण्यासाठी प्रोग्रामरला स्वतःचा वेगळा पडदा लिहावा लागतो. घाईत असलेल्या आपल्या माणसाला अडवू नये, हे लॉरेन्समधले गृहीतक येथे अजून शाबूत आहे.

यातील बरीच कामे फ्रेमवर्कच्या पुढल्या आवृत्तीची वाट न पाहता करता येतात. देवनागरी नावे स्वीकारणारी तपासणी थोड्या ओळींत लिहिता येते आणि अ‍ॅडमिनमधील मूळ तपासणीच्या जागी बसविता येते. तसे करताना दिसायला सारखी पण वेगळी नावे घेऊन कोणी दुसऱ्याची बतावणी करणार नाही, याचाही विचार करावा लागतो, हे खरे. सामूहिक कृतींत प्रत्येक नोंद आधी तपासून मगच बदलता येते. थोडा वेळ जास्त जातो. खरा खोळंबा होतो तो जुन्या माहितीपाशी. वर्षानुवर्षे मोकळ्या पडद्यावरून भरलेल्या कोष्टकावर नवा निर्बंध घालायला गेले, की आधीच आत असलेल्या चुकीच्या नोंदी त्याला अडवितात आणि डेटाबेस निर्बंधच नाकारतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२१ च्या ४.० आवृत्तीत तडजोडीची वाट निघाली. निर्बंध नव्या नोंदींना ताबडतोब लागू करायचा आणि जुन्यांची पडताळणी मागाहून, सवडीने करायची. ती सवड कोण काढणार, हे आज्ञावली ठरवीत नाही. दोन ‘कऱ्हाड’ांपैकी कोणते ठेवायचे, शीर्षकाविना प्रकाशित झालेल्या लेखाला काय नाव द्यायचे आणि समाप्तीनंतर आरंभ असलेल्या त्या योजनेची खरी तारीख कोणती होती, हे पाहण्यासाठी कोणाला तरी जुन्या फायली उघडून बसावे लागते.